नॅशनल काउंटीत निवड झाली, आता नोकरी नाकारावी का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. लंडनच्या उत्तरेला राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. जन्म पुण्याचा, सातव्या वर्षापासून इंग्लंडमध्ये, नागरिकत्व ब्रिटिश. डावखुरा फिरकी गोलंदाज. यंदा एका नॅशनल काउंटीने (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), म्हणजे पूर्वी ज्यांना मायनर काउंटी म्हणत त्यांच्यापैकी एकीने, त्याला संघात घेतलं. त्याच सुमारास एका अकाउंटिंग फर्ममध्ये ट्रेनी म्हणून नोकरीही लागली. मुलगा म्हणतो, काउंटी मिळाली आहे, नोकरी दोन वर्षं राहू दे. ताई विचारतात : हेच का ते काउंटी क्रिकेट? यात करिअर होतं का? आणि त्याला नोकरी नाकारू द्यावी का?

मी इथल्या लीगमध्ये बरीच वर्षं खेळलो आणि आता मिडलंड्समध्ये प्रशिक्षक आहे. माझ्याकडे शिकलेली काही मुलं या पातळीवर खेळली, खेळताहेत. त्यामुळे पाहिलेलं तेवढंच सांगतो.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : नाही, हे ते नव्हे. सचिन १९९२ साली यॉर्कशायरकडून खेळला, अजिंक्य रहाणे २०१९ मध्ये हॅम्पशायरकडून खेळला, ते फर्स्ट क्लास, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं काउंटी क्रिकेट. तशा काउंट्या अठरा. तिथे खेळाडूशी करार होतो, महिन्याला पगार येतो. त्यांच्याखेरीज उरलेल्या काउंट्यांची वेगळी स्पर्धा १८९५ पासून चालू आहे. बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर, नॉरफोक, स्टॅफर्डशायर, डेव्हन, कॉर्नवॉल, चेशायर अशा एकोणीस काउंट्या आणि वेल्सचा एक संघ, एकूण वीस. २०२० मध्ये 'मायनर' जाऊन 'नॅशनल' आलं. पाटी बदलली, पण खेळणाऱ्यांची आर्थिक स्थिती तीच राहिली. हातात पडतो तो बहुतेक प्रवासखर्च, बाहेरगावी राहण्याची सोय, कुठे थोडंफार मानधन. त्यावर घर चालत नाही, आणि चालावं अशी कोणाची अपेक्षाही नसते.

पण म्हणून याला गल्ली क्रिकेटही समजू नका. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमचा काउंटी खेळतो' असं कोणी लिहिलं की अर्धे लोक त्याला थेट लॉर्ड्सवर नेऊन ठेवतात आणि उरलेले खाजगीत हसतात. दोघांनाही पातळीचा अंदाज नसतो. या संघांत करार संपलेले माजी व्यावसायिक असतात, अकादमीतून थोडक्यात राहिलेले असतात, आणि लीगमध्ये वर्षानुवर्षं धावांचा रतीब घालणारे तिशीतले लोक असतात. तुमच्या मुलाची निवड झाली हे खरंच मोठं काम आहे. फक्त ती कशासाठीची निवड आहे, ते नीट कळायला हवं.

आता तुम्ही मुलाच्या संघातल्या जुन्या खेळाडूंचं नाव इंटरनेटवर शोधाल आणि गोंधळाल, कारण आकडे जवळजवळ कोरे दिसतील. पंधरा-वीस वर्षं खेळलेल्या माणसाच्या नावापुढे 'लिस्ट ए (म्हणजे वरच्या दर्जाचे एकदिवसीय) सामने ४' एवढंच. मग वाटतं, हा आयुष्यात चारच सामने खेळला की काय! कारण असं की या काउंट्यांचे तीन दिवसांचे सामने फर्स्ट क्लास धरत नाहीत आणि त्यांच्या आपसातल्या एकदिवसीय सामन्यांनाही लिस्ट ए दर्जा नाही. मात्र १९६४ पासून जिलेट कप या एकदिवसीय स्पर्धेत निवडक मायनर काउंट्यांना मोठ्या काउंट्यांविरुद्ध खेळायला मिळायचं, पुढे नॅटवेस्ट ट्रॉफीतही, आणि तो सामना लिस्ट ए धरला जायचा. बहुतेकदा पहिल्याच फेरीत हरून घरी. म्हणजे बहुतेकदा वर्षाला एकच सामना नोंदीत, तोही संघ पात्र ठरला तर. २००५ नंतर ती दारंही बंद झाली. हल्ली मोठ्या काउंट्यांशी हंगामात एखादा सराव सामना होतो, पण तो नोंदीत चढत नाही.

त्या एका सामन्यासाठी लोक काय जीव टाकायचे! १९७३ मध्ये हॅरोगेटला डरहॅमने यॉर्कशायरला १३५ धावांत गुंडाळलं आणि पाच गडी राखून हरवलं. मायनर काउंटीने फर्स्ट क्लास काउंटीला जिलेट कपमध्ये हरवण्याची ती पहिलीच वेळ. डरहॅमचा कर्णधार ब्रायन लँडर याने १५ धावांत ५ बळी घेतले. त्याआधी १९५९ मध्ये दत्ताजीराव गायकवाडांचा भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना याच डरहॅमकडून कॉलिन मिलबर्न नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने आपल्या लोकांविरुद्ध शतक ठोकलं होतं. ते त्याच्या फर्स्ट क्लास शतकांत मोजलं जात नाही, पण नॉर्दम्प्टनशायरचं लक्ष त्याच्याकडे गेलं ते अशा खेळ्यांमुळे, आणि पुढे तो इंग्लंडकडून कसोटी खेळला. तेव्हा मुलाच्या पानावर आकडे दिसणार नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. कोण बघतंय, हे जास्त महत्त्वाचं.

करिअर होतं का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण या मैदानांवर तीन निरनिराळ्या वाटांनी आलेली माणसं एकत्र खेळतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात.

एक वाट वर जाणाऱ्यांची. डेव्हिड स्टील आधी स्टॅफर्डशायरकडून खेळला, मग नॉर्दम्प्टनशायर, आणि १९७५ मध्ये इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाच्या लिली-थॉमसनसमोर उभा राहिला. इंग्लंडचा ख्रिस वोक्स किशोरवयात हेरफर्डशायरकडून खेळला. तुमचा मुलगा डावखुरा स्पिनर, म्हणून माँटी पानेसरचं नाव तुमच्या घरात निघालंच असेल. तो ल्युटनचा, १९९८-९९ च्या सुमारास बेडफर्डशायरकडून खेळला, आणि २००६ मध्ये नागपूरला पहिल्याच कसोटीत त्याची पहिली विकेट सचिन. ऐकायला फार गोड वाटतं. पण ही उदाहरणं देताना एक गोष्ट गाळली जाते : वोक्स काय, पानेसर काय, मायनर काउंटी खेळत होते तेव्हाच मोठ्या काउंटीच्या नजरेत होते. विशीच्या आत. मायनर काउंटीमुळे ते वर गेले असं नाही. वर जाताना त्या स्टेशनवर गाडी थांबली, इतकंच.

दुसरी वाट परत येणाऱ्यांची. बिल एडरिच नॉरफोकचा. मिडलसेक्स आणि इंग्लंडकडून खेळून झाल्यावर तो पुन्हा नॉरफोकला आला आणि पन्नाशी ओलांडेपर्यंत खेळत राहिला. डेरेक रँडल नॉटिंगहॅमशायर सोडल्यावर सफोककडून खेळला. पीटर रोबक सॉमरसेटनंतर डेव्हनला गेला आणि त्याच्या कर्णधारपदाखाली डेव्हनने १९९४ ते १९९७ अशी सलग चार वर्षं स्पर्धा जिंकली. तुमच्या मुलाला अशा लोकांविरुद्ध गोलंदाजी करायला मिळेल. एका उन्हाळ्यात तो जेवढं शिकेल तेवढं नेटमध्ये कोणीच शिकवू शकत नाही.

तिसरी वाट राहणाऱ्यांची, आणि संख्येने हेच सगळ्यात जास्त. शिक्षक, सर्व्हेयर, पोलीस, दुकान चालवणारे. यांचा शिरोमणी सिडनी बार्न्स. लँकेशायरशी पटेना म्हणून मोठं काउंटी क्रिकेट सोडून दिलं, आठवड्याला लीगचे चांगले पैसे आणि जोडीला स्टॅफर्डशायर असं आयुष्य लावून घेतलं. स्टॅफर्डशायरसाठी १,४४१ बळी, सरासरी ८.१५. आणि मायनर काउंटीचा खेळाडू असतानाच इंग्लंडसाठी कसोटी खेळत होता; १९१३-१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत चार कसोटींत ४९ बळी. हा प्रकार पुन्हा होणे नाही, पण पैशाचं गणित आधी मांडून मग खेळायला जाणं, हे त्याच्याकडून जरूर घ्यावं.

आता नोकरीकडे येतो. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत, क्रिकेटपटू आणि नोकरी हे नातं वेगळं होतं. निरलॉनसारख्या कंपन्या खेळाडूंना खेळासाठीच नोकरीवर घेत, कंपन्यांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेत खेळायचं म्हणजे ऑफिसचंच काम. गावसकरही निरलॉनमध्येच होते. तुमच्या पिढीला ते डोळ्यासमोर असेल. इंग्लंडमध्ये तसं नाही. इथे तुमची फर्म तुम्हाला हिशेब तपासायला घेते, तुमचा चेंडू किती वळतो याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून मुलाला वाटतं की एकतर हे, नाहीतर ते. पण नॅशनल काउंटीचं वेळापत्रक हातात घेऊन बसा.

टी-ट्वेंटी आणि पन्नास षटकांचे सामने हंगामाच्या पहिल्या भागात, बहुतेक रविवारी. त्याला रजा लागत नाही. खरी स्पर्धा तीन दिवसांच्या सामन्यांची, जुलै-ऑगस्टमध्ये, सहसा रविवार ते मंगळवार. २०२१ पासून पाच-पाच संघांचे चार गट आहेत, म्हणजे साखळीत चार सामने. प्रत्येक सामन्याला सोमवार आणि मंगळवार अशा दोन रजा. झाल्या आठ. अंतिम सामना चार दिवसांचा. पोचलेच तर आणखी काही. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ नोकरीला बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) धरून वर्षाला निदान अठ्ठावीस दिवसांची पगारी रजा कायद्यानेच आहे. त्यातून आठ-दहा दिवस काढणं अवघड नाही. ऑडिटची मोठी धांदल जानेवारीपासून वसंतापर्यंत, जुलै-ऑगस्ट त्या मानाने हलके. अकाउंटंटला हे क्रिकेट जमतं, शिक्षकाच्या खालोखाल. (शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टीच असते, म्हणून या संघांत शाळामास्तर नेहमीच फार.)

हे कसं चालतं ते एकदा जाऊन बघा. रविवारी सकाळी गाडीची डिकी उघडली की एका बाजूला किट, दुसऱ्या बाजूला हँगरला लावलेला इस्त्रीचा शर्ट, कारण कोणीतरी बुधवारी सकाळी थेट हॉटेलमधूनच ऑफिस गाठणार असतो. पाऊस आला की ड्रेसिंग रूममध्ये पत्ते निघतात आणि दोघं-तिघं कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसतात. आमच्या ओळखीचा एक सलामीचा फलंदाज सोमवारी चहाच्या वेळेत पॅड न काढता गाडीत बसून क्लायंटशी बोलायचा. हे लोक क्रिकेटकडे दुर्लक्ष करतात असं मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, खेळपट्टी धूळ सोडायला लागलेली आणि समोरच्याला अडीचशे हव्या असताना, कर्णधार स्पिनरच्या हातात चेंडू देतो आणि तो बारा-पंधरा षटकं एका टोकाने टाकत राहतो, तेव्हा त्या मैदानावर कोणाला ऑफिस आठवत नाही. तुमच्या मुलाला नेमकी हीच गोष्ट क्लब क्रिकेटमध्ये मिळत नाही : मोठे स्पेल, दुसऱ्या डावात परत गोलंदाजी, फलंदाजाने आपल्याला ओळखल्यानंतर पुन्हा त्याला बाद करणं.

म्हणजे नोकरीशी नॅशनल काउंटीची टक्कर होतच नाही. टक्कर होते ती मोठ्या काउंटीच्या दुसऱ्या संघाची, म्हणजे सेकंड इलेव्हनची. ते सामने आठवड्याच्या मधल्या दिवसांत, तीन-चार दिवसांचे. मोठ्या काउंटीला कोणी जखमी झाला की प्रशिक्षक ओळखीच्या लोकांना विचारतो, 'डावखुरा स्पिनर कोणी आहे का?' आणि संध्याकाळी फोन येतो, 'उद्या सकाळी नऊला हजर राहा.' करार मिळण्याची वाट जवळजवळ नेहमी या फोनवरून जाते. नॅशनल काउंटीतल्या चांगल्या कामगिरीने तो फोन येऊ शकतो. न येताही हंगाम सरू शकतो.

म्हणून मी मुलाला सरळ विचारीन : हा फोन आजपर्यंत आला आहे का? कोणत्या मोठ्या काउंटीच्या प्रशिक्षकाला तुझं नाव ठाऊक आहे? या वर्षी सेकंड इलेव्हनचे दोन-तीन सामने झाले असतील आणि पुढच्या वर्षी बघू असं त्यांनी तोंडाने सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग फर्मशी बोलून नोकरीची सुरुवात एक वर्ष पुढे ढकलता येते का ते पाहावं. बऱ्याच फर्म तेवढं मान्य करतात. नोकरी पुढे ढकलणं आणि नोकरी नाकारणं यांत फार अंतर आहे. पण असा एकही फोन आलेला नसेल, तर नोकरी सोडून तो मे ते ऑगस्टमध्ये करणार काय? मंगळवारी दुपारी नेटमध्ये गोलंदाजी करायला समोर फलंदाज तरी हवा. ते सगळे कामावर असतील. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा हा प्रकार मी बऱ्याच घरांत पाहिला, आणि त्यातली बहुतेक मुलं दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत क्रिकेटलाच कंटाळली.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही आहेत, त्या नाकारत नाही. तो फलंदाज असता तर बावीस म्हणजे उशीर झाला असं मी म्हटलं असतं. स्पिनरला तसं नसतं. दिलीप दोशींचं पाहा. तेही डावखुरे. नॉटिंगहॅमशायरबरोबरच हर्टफर्डशायर आणि नॉर्दम्बरलँड या मायनर काउंट्यांकडूनही खेळले, कसोटीत आले ते एकतिसाव्या वर्षी, आणि तरी ११४ बळी घेऊन गेले. अर्थात ते तोवर भारतात फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये मुरलेले होते, हेही त्याच्या कानावर घाला. इंग्लंडमध्ये उशिरा शिरकाव झाल्याचंही उदाहरण आहे : वेस डर्स्टनला सॉमरसेटने सोडलं, तो २०१० मध्ये युनिकॉर्न्स या बिनकराराच्या खेळाडूंच्या संघातून खेळला आणि त्यातूनच डर्बिशायरने त्याला घेतलं. तो संघ आता नाही. त्याऐवजी तुमच्या मुलासारख्यांसाठी साउथ एशियन क्रिकेट अकादमी आहे, बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधनातून उभी राहिलेली. दक्षिण आशियाई मुलं क्लबमध्ये एवढी दिसतात, मग करारात का दिसत नाहीत, हा तिथला मूळ प्रश्न. काशिफ अली तिथून वूस्टरशायरला गेला, लेगस्पिनर जाफर चोहान यॉर्कशायरला. त्यांचं काम मुख्यतः हेच की बिनकराराच्या मुलांना काउंट्यांच्या सेकंड इलेव्हनविरुद्ध सामने मिळवून द्यायचे. म्हणजे तो फोन यायची वाट बघत न बसता आपणच त्यांच्या दारात जायचं. माझ्या मते तुमच्या मुलाने नॅशनल काउंटीइतकाच जोर इथे लावावा.

क्लबही महत्त्वाचा. शनिवारचं क्रिकेट तो ईसीबी (इंग्लंडचं क्रिकेट मंडळ) प्रीमियर लीगच्या वरच्या विभागात खेळत नसेल, तर क्लब बदलायला सांगा, मित्र तिथे आहेत म्हणून चिकटून राहू नये. आणि फलंदाजी. आठव्या क्रमांकावर तीस धावा करणारा स्पिनर आणि अकराव्या क्रमांकाचा स्पिनर यांत प्रशिक्षक कोणाला फोन करतो, हे सांगायला नको.

तुम्ही जाता जाता भाच्याचंही विचारलंत, की तो महाराष्ट्राकडून एकोणीस वर्षांखालील संघात खेळतो, विद्यार्थी म्हणून इथे आला तर असाच खेळू शकेल का. सावध राहा. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत 'व्यावसायिक खेळाडू'ची व्याख्या फार व्यापक आहे. मागच्या दोन वर्षांत राज्याच्या वयोगटाच्या संघातून, अगदी सतरा वर्षांखालील संघातूनही खेळलेला मुलगा त्यात बसू शकतो, एक पैसाही न घेता. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक म्हणून खेळता येत नाही. नियम बदलत असतात, म्हणून क्लबच्या सेक्रेटरीच्या भरवशावर न राहता ईसीबीकडून लेखी विचारून घ्या. मैदानात उतरल्यानंतर नव्हे, तिकीट काढण्याआधी.

तर मुलाने नोकरी घ्यावी. रुजू होण्याआधी फर्मला स्पष्ट सांगावं की जुलै-ऑगस्टमध्ये सोमवार-मंगळवारच्या आठ-दहा रजा लागतील, आणि कधी सेकंड इलेव्हनचा फोन आला तर आयत्या वेळी बिनपगारी रजा मिळेल का. हे मुलाखतीनंतर विचारायला पोरं लाजतात; लाजू नये, इथल्या साहेबांना क्रिकेट कळतं, त्यातले काही स्वतः कधीतरी खेळलेले निघतात. ट्रेनीच्या परीक्षांच्या तारखा आणि सामन्यांच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहाव्यात. काउंटीच्या प्रशिक्षकाला विचारावं की मोठ्या काउंटीपैकी कोणाशी त्यांचा नियमित संपर्क आहे. आणि पुढच्या हंगामाचे सामने जाहीर झाले की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकावा, कारण ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या प्रत्येकाला स्पेनला जायचं असतं.